यांत्रिक करवतीची हवेची गाळणी : निवड व निगा

जून २०२० मधील ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ या चक्रीवादळांनी कोकणातील बागांची मोठी हानी केली. उन्मळून पडलेले माड, पोफळी व आंब्याची झाडे तोडून वाट मोकळी करण्याचे काम त्या वेळी यांत्रिक करवतीने, म्हणजेच चेनसॉने, फार उपयोगी रीतीने केले. जुन्या व दाट झालेल्या आंबाबागांच्या छाटणीसाठीही हे यंत्र आता अनेक ठिकाणी वापरले जाते. परंतु यंत्र घेताना त्याची शक्ती व पात्याची लांबी पाहणारा शेतकरी त्याच्या हवेच्या गाळणीकडे, म्हणजे एअर फिल्टरकडे, सहसा लक्ष देत नाही. यंत्राचे आयुष्य मात्र पुष्कळ अंशी याच लहानशा भागावर अवलंबून असते.

गाळणीचे कार्य

एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे ९,००० लिटर हवा लागते. ही सर्व हवा यंत्र भुशाच्या व धुळीच्या ढगातूनच ओढून घेते. करवतीचे इंजिन बहुधा टू-स्ट्रोक जातीचे असते. त्यात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये शिरते व तेथून सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे गाळणीतून निसटलेली धूळ वाटेतील बेअरिंगांवर बसते आणि पुढे पिस्टन, रिंगा व सिलिंडरची भिंत घासून काढते. लाकडाच्या भुशापेक्षा मातीचे बारीक कण अधिक घातक असतात, कारण त्यांत वाळूचा कठीण अंश असतो.

तुंबलेली गाळणी आणि फाटकी गाळणी

गाळणी तुंबली म्हणजे हवा कमी पडते व मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. यंत्र सुरू होण्यास त्रास देते, जोर कमी पडतो, धूर काळा येतो, स्पार्क प्लगवर काजळी धरते आणि पेट्रोल अधिक खर्च होते. ही लक्षणे दिसताच शेतकरी सावध होतो.

फाटलेल्या किंवा नीट न बसलेल्या गाळणीचे तसे नाही. तिच्यातून हवा भरपूर जाते, त्यामुळे यंत्र उत्तम चालत असल्याचा भास होतो. आत झीज मात्र चालूच असते. पुढे दोरी ओढताना पूर्वीसारखा दाब लागत नाही, असे ध्यानात येते, तेव्हा सिलिंडर व पिस्टन बदलण्यावाचून गत्यंतर नसते. गाळणी काही शेकडा रुपयांत मिळते. या दुरुस्तीस हजारो रुपये पडतात. म्हणून तुंबलेली गाळणी साफ करावी, परंतु फाटलेली गाळणी एक दिवसही वापरू नये.

गाळणीची निवड

पीठ चाळावयाची चाळण वेगळी व रवा चाळावयाची वेगळी, तसाच प्रकार येथेही आहे.

१. नायलॉनच्या जाळीची गाळणी : ही धुण्यास सोपी व टिकाऊ असते. ओल्या लाकडाच्या व पावसाळी कामास ती चांगली. फार बारीक धूळ मात्र ती अडवू शकत नाही.

२. फेल्टची, म्हणजे नमद्यासारख्या दाट थराची गाळणी : ही बारीक धूळ अधिक चांगली अडवते. उन्हाळ्यातील कोरड्या कामास ती योग्य होय. ती लवकर भरते, म्हणून वरचेवर पाहावी लागते.

३. घड्यांची गाळणी : घड्यांमुळे तिचे क्षेत्रफळ मोठे असते व ती अधिक काळ काम देते. ती कागदाची असल्यास धुऊ नये.

४. स्पंजाची गाळणी : काही यंत्रांत ही असते. धुऊन वाळविल्यावर माहितीपुस्तिकेत तेल लावण्यास सांगितले असल्यास थोडेसे तेल लावून हलके दाबावी.

कोणतीही गाळणी आपल्या यंत्राच्या नमुन्यासाठीच बनविलेली असावी. स्वस्त गाळणीची कडा नीट बसत नसेल, तर जाळी कितीही बारीक असली तरी धूळ कडेने आत जाते.

साफ करण्याची रीत

कामाच्या प्रत्येक दिवशी गाळणी पाहावी. धुळीच्या कामात दिवसातून दोन-तीन वेळा पाहावी.

प्रथम इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे आणि साखळीचा ब्रेक लावावा. नंतर चोक बंद करावा, म्हणजे गाळणी काढताना कचरा कार्ब्युरेटरमध्ये पडणार नाही. झाकणाभोवतीचा भुसा ब्रशाने झाडून मगच झाकण काढावे.

गाळणी हलकेच आपटून व मऊ ब्रशाने झाडून घ्यावी. जाळीची किंवा फेल्टची गाळणी कोमट साबणाच्या पाण्यात धुवावी. पेट्रोलने धुऊ नये. त्यात आगीचा धोका आहे आणि जोडही सुटू शकतात. हवेचा झोत मारावयाचा असल्यास तो मंद असावा व आतून बाहेर मारावा. बाहेरून मारल्यास धूळ अधिक आत रुतते. गाळणी सावलीत पूर्ण वाळवावी. ओली गाळणी कधीही बसवू नये. याकरिता दोन गाळण्या जवळ ठेवाव्या. एक वाळेपर्यंत दुसरी कामास येते.

बसविण्यापूर्वी गाळणी उजेडासमोर धरून भोक अथवा चीर आहे काय ते पाहावे. गाळणीमागील जागा स्वच्छ पांढऱ्या फडक्याने पुसावी. फडक्यावर धूळ आली, तर गाळणी फाटली आहे किंवा कडा नीट बसत नाही, असे समजावे.

स्क्रू फिरविण्याची चूक

गाळणी तुंबून यंत्राचा जोर कमी झाला की पुष्कळ जण कार्ब्युरेटरचा स्क्रू आवळून पेट्रोल कमी करतात. यंत्र तात्पुरते सुधारते. परंतु पुढे गाळणी साफ केली किंवा नवी घातली म्हणजे हवा भरपूर येते व पेट्रोल कमी पडते. टू-स्ट्रोक इंजिनास वंगण मिळते ते पेट्रोलात मिसळलेल्या तेलातूनच. पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते, पिस्टन तापतो आणि सिलिंडरमध्ये अडकून बसतो. मग दोष नव्या गाळणीस दिला जातो! म्हणून आधी गाळणी साफ करावी, मगच स्क्रूला हात लावावा. गाळणी घाण असताना स्क्रू फिरविला गेला असेल, तर ती बदलल्यावर जाणकार कारागिराकडून जुळणी पुन्हा करून घ्यावी.

धूळच कमी करावी

बोथट साखळी लाकडाचे छिलके न काढता पिठासारखा भुसा पाडते. असा भुसा पडू लागला की साखळीस कानस लावण्याची वेळ झाली असे समजावे. माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग कठीण असल्याने तेथे साखळी लवकर बोथट होते. आडव्या पडलेल्या खोडावरील माती कापण्यापूर्वी झाडून काढावी व पात्याचे टोक जमिनीस लागू देऊ नये. त्यायोगे साखळी व गाळणी दोन्ही वाचतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविताना झाड तोडून दाखविण्यापूर्वी गाळणी काढून दाखवावी आणि पांढऱ्या फडक्याची परीक्षा शेतकऱ्यांच्या हातूनच करवून घ्यावी. शेतकरी बंधूंनीही यंत्र भाड्याने घेताना किंवा जुने विकत घेताना प्रथम हीच परीक्षा करावी. या कामास पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि यंत्राची आतून कशी राखण झाली आहे, हे त्यावरून निश्चित कळते.