हुशार मुलांचा विज्ञान-अभ्यासक्रम पारखताना

मी चाकणजवळच्या कुरुळीत विज्ञान शिकवते. चाकणच्या कारखान्यांमुळे वर्गात गावची मुलं असतात, तशी मराठवाड्यातून, बिहारमधून पोटापाण्यासाठी आलेल्यांचीही. 'हुशार मुलांसाठी खास' म्हणून येणारी पुस्तकं आणि संच मी या कसोट्यांवर घासून बघते.

१. पुढची इयत्ता म्हणजे खोली नव्हे.
सातवीत नववीची सूत्रं पाठ झाली की पालक सुखावतात. मला मात्र 'लंबकाचा गोळा जड केला तर काय होईल? आधी अंदाज लिहा, मग मोजा' असं सांगणारं पान हवं असतं. उत्तर आधीच छापलं असेल, तर मुलाला शोधायला काय उरलं?

२. मोजमापातली चूक शिकवलीच पाहिजे.
एक मीटर लांबीच्या लंबकाचं एक आंदोलन सुमारे २ सेकंदांत होतं. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते. २० आंदोलनं मोजून भागाकार केला, की एका आंदोलनामागे ती ०.०१ सेकंदच उरते. ही युक्ती मुलांना स्वतः सुचावी, एवढा वेळ अभ्यासक्रमानं द्यायला हवा.

३. परिसराला वर्गात जागा हवी.
व्हर्नियर, मायक्रोमीटर, गो-नोगो गेज ही कारखान्यातली मापं घेण्या-तपासण्याची साधनं; इथल्या कितीतरी घरांत हे रोजचे शब्द. टॉलरन्स म्हणजे काय, मापात किती फरक चालतो, हे शॉपफ्लोअरवरचा बाप उत्तम समजावतो. त्याला वर्गात बोलावणारा अभ्यासक्रम मला मोठा वाटतो.

४. परीक्षा कशाची घेतात ते बघा.
सहावी आणि नववीसाठीच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेपुढे प्रात्यक्षिक, कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत असते. मुलाचा हात आणि विचार दोन्ही तिथे दिसतात. नुसत्या पर्यायी प्रश्नांवर थांबणारं मूल्यमापन पाठांतरालाच बक्षीस देतं.

५. निवड एका पेपरावर नको.
प्रज्ञावंतांच्या शिक्षणासाठी पुण्यात १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू झाली, तेव्हापासून बुद्धीला अनेक अंगं असतात हा विचार आपल्याकडे रुजतो आहे. मराठीत अडखळणारी मुलगी विजेचं सर्किट सगळ्यांआधी जुळवते, हे मी वर्गात पाहते. लेखी चाळणीत अशीच मुलं गळतात. म्हणून वर्षभर केव्हाही, हातातलं काम बघून मुलाला आत घेता येईल, असाच अभ्यासक्रम आपल्या शाळांनी मागून घ्यावा.