वळीव आणि स्टेप व्होल्टेज

मी कॉन्व्हेंटवाली, 'वळीव' हा शब्द मला हॉस्टेलवरच कळला. सांगली-साताऱ्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर तो बरेचदा विजा घेऊनच येतो. मित्रांनो, तेव्हा झाडाखाली थांबू नका! वीज झाडावर पडली की करंट जमिनीत पसरतो आणि दोन पायांत अंतर असलं की त्यांच्यामध्ये व्होल्टेज तयार होतं. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून ती बिचारी लवकर दगावतात. रबरी चपलेचा काही उपयोग नाही हं!

चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंद, म्हणजे वीज साधारण 10 किलोमीटरवर. तेवढ्यातच अजिंक्यतारा, गच्ची, द्राक्षबागेच्या तारा सोडून पक्क्या इमारतीत शिरायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडायचं नाही, मॅच अर्धी राहिली तरी. मोबाईल वापरा, फक्त चार्जरला लावलेला नको.