शेतीयंत्रांच्या इंजिनाकरिता वंगणतेलाची निवड

ट्रॅक्टर, पॉवर टिलर, डिझेल पंप आणि फवारणीची पेट्रोल यंत्रे आता बहुतेक गावांत आली आहेत. यंत्र विकत घेताना शेतकरी चार ठिकाणी चौकशी करतो, अश्वशक्ती पाहतो आणि किमतीची घासाघीसही करतो. परंतु त्याच यंत्राच्या इंजिनात घालावयाच्या तेलाबाबत मात्र दुकानदार देईल तो डबा घेऊन तो घरी परततो. ही उदासीनता किती महागात पडते, ते गेल्या रब्बीत मी स्वतः पाहिले.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका शेतकऱ्याने पेरणीच्या तोंडावर आपल्या ट्रॅक्टरचे तेल बदलले. डबा नेहमीपेक्षा बराच स्वस्त मिळाला होता. त्याचे झाकण मोहोरबंद नव्हते. मी त्या दिवशी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकासाठी तेथेच होतो. त्याने तेल दाखवून विचारले, “साहेब, कसे वाटते?” मी ते दोन बोटांत घासून पाहिले आणि “चांगले दाट आहे” असे सांगितले. पेरणीच्या सहाव्या दिवशी तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला. चालकाने “एवढे तास पुरे करू” म्हणून इंजिन तसेच चालविले आणि ते जाम झाले. मिस्त्रीने इंजिन उघडले तेव्हा बेअरिंगचे पत्रे वितळून क्रँकला चिकटलेले आढळले. दुरुस्तीला तीन आठवडे लागले. जमिनीतील ओल गेली, आणि भाड्याने ज्यांची पेरणी करून द्यावयाची होती त्यांचीही खोळंबली. मी दिलेला अभिप्राय सर्वस्वी निरर्थक होता, हे येथे नमूद करणे मी कर्तव्य समजतो. थंड असताना बोटांना दाट लागणारे तेल इंजिन तापल्यावर पाण्यासारखे पातळ होऊ शकते, आणि बेअरिंगचा संबंध येतो तो तापलेल्या तेलाशी.

क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, तो माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. तेवढ्या पापुद्र्यावर इंजिनाचा सारा भार तोलला जातो. तो तुटला की धातूला धातू घासतो व काही मिनिटांतच नुकसान होते. याखेरीज दट्ट्याची उष्णता वाहून नेणे, कड्या व सिलिंडर यांमधील फट भरून काढणे, जळणातून तयार होणारी काजळी आपल्यात धरून ठेवणे आणि आम्लाचा परिणाम नाहीसा करणे, ही कामेही तेलालाच करावी लागतात. म्हणून तेलाची पारख दोन अंगांनी करावी लागते. एक, त्याचा दाटपणा. दुसरे, त्यात मिसळलेल्या रसायनांची योग्यता. या दोन्ही गोष्टी डब्यावर छापलेल्या असतात व यंत्राच्या पुस्तिकेतही दिलेल्या असतात. दोन्हीकडील खुणा जुळवून पाहणे, हीच निवडीची रीत होय.

दाटपणाची खूण “एसएई” या अक्षरांपुढे असते. उदाहरणार्थ, १५डब्ल्यू-४०. यातील “डब्ल्यू” हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक असून त्याआधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो. आकडा जितका लहान, तितके ते थंडीत अधिक वाहते. नंतरचा ४० हा आकडा तापलेल्या तेलाचा दाटपणा दर्शवितो. १०० अंश सेल्सिअसला ४० क्रमांकाच्या तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत असावा लागतो; ३० क्रमांकाच्या तेलाचा ९.३ ते १२.५ या मर्यादेत. १५डब्ल्यूची थंडीतील कसोटी शून्याखाली २० अंशांवर घेतात. आपल्याकडे निफाडच्या कडक थंडीतही तशी वेळ येत नाही. सबब पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० व २०डब्ल्यू-४० अशी दोन्ही तेले चालतील असे म्हटले असेल, तर महाराष्ट्रात त्यांपैकी कोणतेही घेण्यास हरकत नाही. ५डब्ल्यूसारख्या महागड्या तेलासाठी, पुस्तिकेत तसे स्पष्ट सांगितल्याखेरीज, पैसे खर्चू नयेत. आपली खरी परीक्षा उन्हाळ्यात असते. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो आणि त्याच दिवसांत नांगरट चालते. तेव्हा दुसऱ्या आकड्यात तडजोड करू नये.

इंजिन तेल खाऊ लागले की अधिक दाट तेल घालण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. त्याने धूर काही दिवस कमी दिसतो, परंतु झिजलेल्या कड्या दुरुस्त होत नाहीत. शिवाय पहाटे इंजिन सुरू करताना ते दाट तेल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते.

दुसरी खूण “एपीआय” या अक्षरांपुढे असते. “सी”ने आरंभ होणाऱ्या श्रेणी डिझेल इंजिनाकरिता व “एस”ने आरंभ होणाऱ्या पेट्रोल इंजिनाकरिता असतात. डिझेलमध्ये सीएच-४ ही श्रेणी १९९८ मध्ये, सीआय-४ ही २००२ मध्ये आणि सीके-४ ही २०१६ मध्ये आली. सामान्यतः पुढची श्रेणी मागच्या श्रेणीच्या जागी चालते, मागची पुढच्या जागी चालत नाही. मात्र २०१६ मध्येच आलेली एफए-४ ही श्रेणी याला अपवाद आहे. ते तेल मुद्दाम पातळ ठेवलेले असल्यामुळे पुस्तिकेत नाव घेऊन सांगितले नसेल तर वापरू नये. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराबाबतचे कडक नियम लागू झाले. त्यांपैकी ज्या यंत्रांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते, त्यांना कमी राखेचे तेल लागते. जुन्या श्रेणीच्या तेलाची राख त्या गाळणीत साचून ती तुंबते, आणि गाळणी बदलण्याचा खर्च तेलाच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक असतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. नवे तेल घातल्यानंतर थोड्याच तासांत ते काळे पडले, की शेतकरी दुकानदाराशी भांडावयास जातो. डिझेल इंजिनात तेल काळे होणे हे ते आपले काम करीत असल्याचे लक्षण आहे. काजळी आत चिकटून न राहता तेलात तरंगत राहते. उलट पुष्कळ तास चालूनही जे तेल स्वच्छ दिसते, त्याच्याविषयी शंका घ्यावी. दुधासारखे पांढुरके झालेले तेल मात्र पाणी शिरल्याची खूण होय. तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर त्यात डिझेल उतरत असण्याचा संभव असतो. या दोन्ही प्रसंगी इंजिन चालू न करता मिस्त्रीस बोलवावे.

सर्व यंत्रांना एकच डबा वापरण्याची सवयही सोडावी लागेल. मोटारसायकलीत, आणि डोंगराळ भागात किंवा समुद्रकिनाऱ्यावर दिसणाऱ्या चार जाड चाकांच्या बहुतेक एटीव्ही गाड्यांत, इंजिनाचेच तेल क्लचलाही भिजवीत असते. त्यांना “जासो एमए” किंवा “एमए२” अशी खूण असलेले तेल घालावे. मोटारीसाठी केलेल्या काही तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे असा क्लच घसरू लागतो. टू-स्ट्रोक फवारणी यंत्रात तेल पेट्रोलमध्ये मिसळून जळावयाचे असते. त्यासाठी वेगळे टू-टी तेल मिळते व त्याचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. ट्रॅक्टरच्या मागील भागात गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक यांना वेगळे तेल लागते. तेथे इंजिनाचे उरलेले तेल ओतू नये.

तेल बदलण्याचा काळ महिन्यांवर न मोजता तासमापकावर मोजावा. पुष्कळ ट्रॅक्टरांना २५० तासांच्या आसपासची मुदत असते. नव्या इंजिनाचे पहिले तेल त्यापूर्वीच, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, काढावे लागते. तेलाबरोबर गाळणीही बदलावी. काही यंत्रांच्या हवाशुद्धकात तळाशी तेल भरावे लागते. तेथे इंजिनातून काढलेले जुने तेल भरण्याची काटकसर सर्रास आढळते. वास्तविक रोटाव्हेटरच्या धुळीत काम करणाऱ्या इंजिनाचे आयुष्य त्या वाटीभर स्वच्छ तेलावर अवलंबून असते.

पुस्तिका हरवली असेल तर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्राचे नाव व मॉडेल क्रमांक घेऊन अधिकृत विक्रेत्याकडून दोन्ही खुणा लिहून आणाव्यात आणि त्या चिखलपंख्याच्या आतल्या बाजूस रंगाने लिहवून घ्याव्यात. चालक बदलला तरी हा मजकूर यंत्राबरोबर राहतो. तेलाचा डबा मोहोरबंद पाहून व पावती घेऊनच घ्यावा.

काढलेले तेल विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठी ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते झाकणाच्या डब्यात साठवून नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल अशी व्यवस्था गावाने मिळून करावी. रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याच्या बुडाला खिळ्याने दोनचार भोके पाडावीत. नामांकित छापाच्या धडधाकट डब्यांतच गाळलेले जुने तेल पुन्हा भरून विकले जाते.