शॉर्टकट आपले, सर्व्हर परका

टीमक्सची सवय लागली की थोड्याच दिवसांत त्याची कॉन्फिग फाइल लिहायची हुक्की येते. येणारच. पडद्याच्या तळाशी भडक हिरवी पट्टी, बोटं ताणायला लावणारं कंट्रोल-बी, पडद्याचे डावे-उजवे भाग करायला टक्क्याचं चिन्ह आणि वर-खाली भाग करायला दुहेरी अवतरण. हे कुणी ठरवलं असेल, असा प्रश्न पडतोच. मी सर्व्हर सांभाळायचं काम करतो, दिवसाचा बराचसा वेळ टीमक्समध्येच जातो. माझी फाइल एके काळी चांगली लांबलचक होती, आता एका पडद्यात मावते. ती का आटली ते सांगितलं तर नव्याने लिहायला बसलेल्यांचा थोडा ताप वाचेल.

ज्यांना हे प्रकरणच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: टीमक्स एका टर्मिनलात अनेक टर्मिनलं चालवतं. त्यात सेशन असतं, सेशनमध्ये विंडो आणि विंडोत कप्पे, म्हणजे पेन. नेट गेलं, लॅपटॉप मिटला तरी आतलं काम चालू राहतं. परत येऊन त्याच जागी बसता येतं. निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि २००९ च्या ओपनबीएसडी ४.६ पासून ते त्या प्रणालीचा भाग आहे. त्याआधी १९८७ पासून हेच काम स्क्रीन नावाचा प्रोग्राम करत आलाय. त्याचा प्रिफिक्स, म्हणजे प्रत्येक शॉर्टकटच्या आधी दाबायची जोडी, कंट्रोल-ए. दोन्ही प्रोग्राम एकात एक चालवले तरी भांडण नको असेल, तर टीमक्सचं कंट्रोल-बी ठीकच आहे. पण स्क्रीनवर हात बसलेले लोक टीमक्सकडे आले ते कंट्रोल-ए घेऊनच, आणि फाइलची पहिली ओळ प्रिफिक्स बदलण्याची असा रिवाज पडून गेला.

याच ओळीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

एकदा एका ग्राहकाकडे त्यांच्याच मशीनवर बसून काम चाललं होतं. सर्व्हर सेंटओएस ७, त्यावरचं टीमक्स १.८, कॉन्फिग फाइल कुणाचीच नाही. एका विंडोत विम या एडिटरमध्ये डेटाबेसच्या जोडणीची फाइल उघडलेली, दुसऱ्या विंडोत लॉग. लॉगकडे जायला हातांनी आपसूक कंट्रोल-ए आणि मग एन दाबलं. माझ्या मशीनवर याचा अर्थ 'पुढची विंडो'. तिथे टीमक्सने दोन्ही कळा मुकाट्याने विमकडे सोडल्या. विममध्ये कंट्रोल-ए दाबलं की कर्सरखालचा किंवा त्या ओळीत पुढे असलेला आकडा एकाने वाढतो. ५४३२ चा पोर्ट ५४३३ झाला. आणि एन म्हणजे शोधलेला शब्द पुढे जिथे असेल तिथे उडी. त्यामुळे बदललेली ओळ पडद्याबाहेर गेली आणि समोर निराळाच मजकूर आला. सेव्ह करण्याआधी मूळ फाइलशी ताडून पाहण्याचा शिरस्ता आहे म्हणून तो आकडा सापडला. नाहीतर दुसऱ्या दिवशी 'डेटाबेस का लागत नाही' यावर एक लांबलचक बैठक झाली असती.

बॅश या शेलमध्ये हाच प्रकार जरा सौम्य होतो. कंट्रोल-ए ओळीच्या सुरुवातीला नेतं आणि पुढची कळ तिथे उमटते. आज्ञेच्या आधी एक अनाहूत अक्षर, एवढंच. पण आपल्याच मशीनवर या बदलाची वेगळी किंमत मोजावी लागते. लांब आज्ञा लिहिणारा माणूस ओळीच्या सुरुवातीला शंभरदा जातो, आणि प्रिफिक्स कंट्रोल-ए केला की ती सोय जाते. सेंड-प्रिफिक्स हा आदेश कंट्रोल-ए ला बांधला तर दोनदा दाबून ती परत मिळते, पण नवशिक्यांच्या फाइलीत नेमकी हीच ओळ गाळलेली दिसते. कुणी कंट्रोल-एस घेतं. ते घेतलं की टीमक्स नसलेल्या जागी पडदा गोठतो, कारण टर्मिनलच्या जुन्या रीतीत कंट्रोल-एस म्हणजे 'थांब' आणि कंट्रोल-क्यू म्हणजे 'चालू दे'. सर्व्हर लटकला असं समजून टर्मिनलच बंद करणारे लोक मी पाहिलेत. गोठलेल्या पडद्यावर आधी कंट्रोल-क्यू दाबून बघा, मग शिव्या घाला.

जुनी कळ काढू नका, तिच्या शेजारी नवी बसवा. टीमक्समध्ये प्रिफिक्स-टू नावाचा पर्याय आहे. कंट्रोल-ए हवंच असेल तर तिथे द्या आणि कंट्रोल-बी जागच्या जागी राहू द्या. उभ्या रेघेने डावे-उजवे आणि आडव्या रेघेने वर-खाली भाग करण्याची पद्धत लक्षात ठेवायला खरंच सोपी आहे, मीही वापरतो. पण टक्का आणि अवतरण अनबाइंड करायचं कारण नाही. फाइलीफाइलीत त्या दोन अनबाइंडच्या ओळी दिसतात आणि त्यांचा कुणाला काय फायदा होतो हे मला अजून समजलेलं नाही. मात्र भाग करण्याच्या आदेशाला 'आत्ताच्या पेनचा फोल्डर घे' हा पर्याय जरूर जोडा. नाहीतर नवं पेन सेशन जिथे सुरू झालं त्या फोल्डरात उघडतं, आणि दर वेळी वाट तुडवत परत यावं लागतं.

प्रिफिक्सशिवाय चालणारे शॉर्टकट हा यापुढचा मोह. बाइंडला एन हा पर्याय दिला की कळ थेट लागू पडते. विमच्या सवयीने लोक कंट्रोलबरोबर एच, जे, के, एल घेतात आणि पेनांमध्ये भिरभिरतात. दिसायला झकास. पण कंट्रोल-एल पडदा साफ करतं, बॅशमध्ये कंट्रोल-के कर्सरपुढचं सगळं कापतं, आणि काही टर्मिनलांत बॅकस्पेसची कळ प्रत्यक्षात कंट्रोल-एच पाठवते. अशा टर्मिनलात चुकलेलं अक्षर खोडायला जावं तर कर्सर शेजारच्या पेनमध्ये! मी हे सगळं काढून टाकलं.

प्रिफिक्स आणि एक्स दाबलं की टीमक्स विचारतं, हे पेन मारू का, हो की नाही. अनेकांच्या फाइलीत हा प्रश्न काढून टाकलेला असतो, कारण वाय दाबायचा कंटाळा. कंटाळा समजू शकतो. पण इंग्रजी कळफलकावर एक्सच्या एका बाजूला झेड आहे आणि दुसऱ्या बाजूला सी. झेडने पेन मोठं होतं, सीने नवी विंडो उघडते, दोन्ही दिवसभर लागणाऱ्या गोष्टी. त्यांच्या मधोमध बिनप्रश्नाची फाशीची कळ ठेवायची, आणि ज्या पेनमध्ये चार तास डेटा हलवणं चाललंय तिथे बोट घसरायची वाट बघायची. तो प्रश्न राहू द्या.

सिंक्रोनाइझ-पेन्स या पर्यायाचंही असंच. तो चालू असला की एका पेनमध्ये टाइप केलेलं विंडोतल्या सगळ्या पेनांत जातं. दहा सर्व्हरांवर एकच बदल करायचा तर वरदान, आणि चालू आहे हे विसरलात तर दहा सर्व्हरांवर एकच घोटाळा. त्याला सोपा शॉर्टकट द्यायचा असेल तर त्याच बैठकीत तळाच्या पट्टीत, म्हणजे स्टेटस बारमध्ये, तो चालू असताना लाल अक्षरं झळकतील अशी ओळही लिहा. ती लिहायची नसेल तर शॉर्टकटही नको.

आता एक बारीक चिडचिड, जिचं मूळ लोकांना सापडत नाही. प्रिफिक्स आणि वरचा बाण दाबून वरच्या पेनमध्ये गेलात, आणि लगेच मागची आज्ञा आणायला पुन्हा वरचा बाण दाबलात. आज्ञा येत नाही, पेनच बदलतं. कारण बाणांचे मूळ शॉर्टकट पुन्हा पुन्हा चालणारे आहेत. अर्ध्या सेकंदाच्या आत दाबलेली पुढची कळ प्रिफिक्ससह आली असं टीमक्स धरतं. तेच बाण आर हा पर्याय न देता पुन्हा बांधले की प्रश्न मिटतो. विममध्ये एस्केप उशिरा लागतं त्याचं कारण निराळं. बाण आणि ऑल्टच्या जोड्या टर्मिनलातून येतात त्याही एस्केपनेच सुरू होतात, म्हणून मागून आणखी काही येतंय का याची टीमक्स वाट पाहतं. ही वाट आधी ५०० मिलिसेकंदांची होती, ३.५ आवृत्तीपासून १० वर आली. जुन्या आवृत्तीत एस्केप-टाइम स्वतः कमी करा. मात्र शून्य करू नका. धिम्या जोडणीवर कळेचे तुकडे होऊन येतात आणि बाण दाबला की पडद्यावर अक्षरांचा कचरा पडतो.

फाइल तपासायची रीतही बहुतेकांची चुकते. टीमक्स ही फाइल फक्त त्याचा स्वतःचा सर्व्हर, म्हणजे पाठीमागे चालणारा प्रोग्राम, सुरू होताना वाचतं. त्यामुळे मधे बदल केला की सोर्स-फाइलने ती पुन्हा वाचायला लावावी लागते. पण पुन्हा वाचली म्हणून जुनं पुसलं जात नाही. फाइलीतून खोडलेला शॉर्टकट स्मरणात राहतो आणि चालत राहतो, आणि आपण समजतो की ओळ काढली तरी काम होतंय म्हणजे ती ओळ निरुपयोगी होती. यावर कुणीतरी सल्ला देतं: किल-सर्व्हर कर, सगळं नव्याने सुरू होईल. होतं खरं. पण आधी सगळी सेशनं मरतात, आत चाललेल्या कामांसकट. त्यापेक्षा कॅपिटल एल हा पर्याय आणि पुढे कुठलंही नाव देऊन वेगळा टीमक्स सर्व्हर उठवा, एफ पर्यायाने त्याला नवी फाइल द्या, आणि तिथे हवा तेवढा खेळ करा. तो मारला तरी मूळ सेशनांना धक्का लागत नाही. कुठली कळ कशाला बांधली आहे हे प्रिफिक्स आणि प्रश्नचिन्ह दाबलं की दिसतं.

दिसण्याबद्दल माझी मतं थोडी कठोर आहेत. स्टेटस बारवर बाणाच्या टोकासारखी चित्रं, बॅटरी, हवामान, गाण्याचं नाव, सगळं टाकता येतं. चित्रांना खास फॉन्ट लागतो, तो नसलेल्या मशीनवर नुसते चौकोन दिसतात. हवामान आणणारी स्क्रिप्ट ठरावीक वेळाने चालते, मूळ सेटिंगमध्ये दर १५ सेकंदांनी. स्टेटस-इंटरव्हल १ वर आणून त्यात चार स्क्रिप्टा कोंबल्या आणि असे पंधरा जण एकाच सर्व्हरवर बसले, की सर्व्हर कशात गुंतलाय ते वेगळं सांगायला नको. माझ्या पट्टीवर सेशनचं नाव, विंडो, मशीनचं नाव आणि घड्याळ एवढंच आहे. रंग मात्र मशीनप्रमाणे बदलतो: स्वतःच्या मशीनवर करडा, चाचणीच्या सर्व्हरवर निळा, ग्राहकांचं काम ज्यावर चालतं तिथे लाल. लॅपटॉपवरच्या टीमक्समधून सर्व्हरवरच्या टीमक्समध्ये शिरलं की दोन पट्ट्या दिसतात आणि प्रिफिक्स बाहेरचं टीमक्स खातं. आतल्याला पोहोचवायला तो दोनदा दाबावा लागतो. अशा वेळी आपण कुठे उभे आहोत हे रंगाइतकं लवकर दुसरं काही सांगत नाही.

रंग नीट दिसत नाहीत म्हणून काही जण टीमक्सच्या आत टर्म हा चल बळेच एक्सटर्म-२५६कलर करतात. करू नये. आतल्या प्रोग्रामांशी टीमक्स स्क्रीन किंवा टीमक्स या घराण्यातल्या टर्मिनलासारखं बोलतं, तेव्हा डिफॉल्ट-टर्मिनल त्याच घराण्यातलं हवं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. इनस्क्रिप्ट कळफलक चालू राहिला आणि प्रिफिक्सनंतर सी दाबलं तर टीमक्सकडे म पोहोचतो, आणि नवी विंडो उघडत नाही. टीमक्सला युनिकोड अक्षरं बांधता येतात, म्हणून म ला नवी विंडो आणि ल ला पुढची विंडो देऊन टाका, कारण एनच्या कळेवर ल आहे. विंडोंना देवनागरी नावं देताना मात्र जपून. वेलांट्या-मात्रांना किती जागा द्यायची यावर टर्मिनल आणि टीमक्स यांचं एकमत होईलच असं नाही, आणि मग पट्टीवरची अक्षरं एकमेकांवर चढतात.

शेवटी जुन्या फाइलींबद्दल. कुणाकडून फाइल घेतलीत तर ती कुठल्या काळची आहे ते आधी पाहा. माउससाठीचे वेगवेगळे पर्याय २.१ मध्ये जाऊन एकच माउस पर्याय आला, कॉपी मोडचे शॉर्टकट लिहायची पद्धत २.४ मध्ये बदलली, आणि रंगांचे जुने पर्याय २.९ मध्ये काढून त्यांच्या जागी स्टाइल आलं. झळकून गेलेली चुकीबद्दलची सूचना प्रिफिक्स आणि तरंगरेघ (~) दाबून पुन्हा वाचता येते. आणि ज्यांच्याकडे अनेकांचा सामायिक सर्व्हर आहे त्यांना एक विनंती: सगळ्यांसाठीच्या टीमक्स फाइलीत पट्टीचा रंग आणि मशीनचं नाव एवढंच ठेवा, कळांना हात लावू नका. तिथे रात्री दोन वाजता येणारा माणूस कंट्रोल-बी दाबणार आहे.