तो आकडा आधी पुसून टाक

अगं, परवा डोळखांबच्या स्टँडवरून तू फोन केलास आणि म्हणालीस, “ताई, ते फीडचं ॲप उघडायचीच भीती वाटते. आठशेच्या वर वाचायचं राहिलंय.” तेवढ्यात शहापूरची गाडी आली आणि बोलणं अर्धवट राहिलं. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, कारण ब्लॉगांचे नवे लेख, म्हणजे त्यांची फीड, एका जागी आणणारं ते ॲप मीच हौसेने तुझ्या फोनवर टाकलं होतं.

आधी एक कर. ‘सगळं वाचलं’ असं दाबून तो आकडा पुसून टाक. काही बुडत नाही. हा आकडा आला कुठून, माहीत आहे? 2002 मध्ये ब्रेंट सिमन्स यांनी मॅकसाठी नेटन्यूजवायर केलं, ते थेट ईमेलच्या वळणावर. बाजूला नावांची यादी, मग मथळे, मग मजकूर आणि प्रत्येक नावापुढे न वाचलेल्यांची संख्या. पुढच्या बहुतेकांनी तेच गिरवलं. 2005 मध्ये आलेल्या गूगल रीडरमध्ये तर नंतर नंतर हजाराच्या पुढे नुसतं ‘1000+’ दिसायचं. मी ते 1 जुलै 2013 ला बंद होईपर्यंत वापरलं आणि तो आकडा बघून रोज माझा जीव दडपायचा.

ईमेलमध्ये आकडा शोभतो, कारण समोरचा माणूस उत्तराची वाट बघत असतो. रानभाज्यांवर ब्लॉग लिहिणारी बाई तुझ्या उत्तरासाठी खोळंबलेली नसते. वाचनालयातली न वाचलेली पुस्तकं कुणी उधारीसारखी तुझ्या नावावर मांडतं का? मग इथेच का मांडावी?

दुसरं, तुझे डोळे दुखतात म्हणालीस. त्यात डोळ्यांचा दोष कमी आणि ॲपचा जास्त. बरीचशी ॲपं रोमन अक्षर डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली असतात. ‘कर्तृत्व’ हा एकच शब्द बघ. डोक्यावर रफार, पायाशी ऋकार. ओळी चिकटून आल्या की वरच्या ओळीचा ऋकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि डोळा दर ओळीला ठेचकाळतो. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं कर, ओळींमधलं अंतर वाढवता आलं तर तेही वाढव. फॉन्ट बदलता येत असेल तर मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ घे, फुकट आहे. ‘टिरो देवनागरी मराठी’मध्ये आपला पाकळीचा ल आणि देठाचा श मिळतो. शाळेत गिरवलेलं अक्षर समोर आलं की वाचन आपोआप सैलावतं, हा माझा अनुभव आहे.

आणि रेंजचं काय? डेहण्याकडे, आजोबा डोंगराच्या पायथ्याशी गेलीस की फोन मुका होतो. बऱ्याच फीडमध्ये दोनच ओळी येतात आणि ‘पुढे वाचा’ला नेट लागतं. त्यासाठी अँड्रॉइडवरचं ‘फीडर’ हे ॲप घे. खातं उघडावं लागत नाही, पैसे पडत नाहीत. पूर्ण लेख आधीच उतरवून ठेवतं, तेही फक्त वायफायवर, असं सांगून ठेवता येतं. वायफाय मिळेल तिथे लेख भरून घे, मग घरी रेंज असो नसो. प्रत्येक फीडचे किती लेख ठेवायचे तेही ठरवता येतं. ती संख्या लहान ठेव. भाताच्या आवणीच्या दिवसांत दोन-दोन आठवडे तुला फोन हातात घ्यायला सवड नसते. चिखलातून दमून आल्यावर ॲपने मागची थकबाकी का दाखवावी? जुनं गेलं तर जाऊ दे, ताजं समोर यावं.

वर्तमानपत्रं मात्र त्यातून काढूनच टाक. ती दिवसाला ढीगभर बातम्या ओततात आणि महिन्यातून एकदा मन लावून लिहिणारा माणूस तळाशी गाडला जातो. खरं तर ॲपनेच अशा कमी लिहिणाऱ्याला वर आणायला हवं. ते होत नाही तोवर त्यांचा वेगळा गट कर आणि आधी तोच उघड. नवं कुणी आवडलं, वर्डप्रेसवरचं असलं, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिही, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

आज रात्री जेवणं उरकली की एवढं कर आणि त्या रानभाज्यांच्या ब्लॉगवरचा एकच लेख सावकाश वाच. कसा वाटला ते मला उद्या फोन करून सांग.