माईकपुढे बसण्याआधी

नेवासे

चि. सोनू,

ध्वनिपुस्तकांची दोन कामं एकदम आली आहेत, त्यातलं कुठलं आधी घेऊ, असं तू विचारलंस. एक पाच भागांची अद्भुत कादंबरी, राक्षस, मंत्र, शापित राजकन्या असं सगळं असलेली. दुसरं एका शास्त्रज्ञाचं चरित्र. कादंबरीत पैसे जास्त आणि चार लोकांच्या कानावर नाव जाण्याची शक्यताही जास्त. चरित्र तुला कोरडं वाटतंय. माझं मत आधीच सांगून टाकते: आधी चरित्र घे. कारणं फोनवर सांगण्याइतकी आटोपशीर नाहीत, म्हणून हे पत्र.

वाचून दाखवण्याच्या धंद्यातलं मला काही कळत नाही, पण ऐकण्यातलं बरंच कळतं. २०१७च्या नोव्हेंबरात पुस्तकं ऐकवणारं स्टोरीटेल भारतात आलं, तेव्हा इंग्रजी-हिंदीच्या बरोबरीने मराठीही पहिल्या दिवसापासून होती. त्या सुमारास माझ्या डोळ्यांनी बारीक टायपाला नकार द्यायला सुरुवात केली होती आणि तूच माझ्या मोबाइलवर ते ॲप घालून दिलंस. तेव्हापासून स्वयंपाक करताना, शेंगा फोडताना, पुण्याच्या एसटीत मी पुस्तकं ऐकत आले. किती वाचक आवडले आणि किती पुस्तकं वाचकापायी अर्ध्यात सोडली, याची यादी माझ्याजवळ आहे. तुला आज जे सांगते आहे ते त्या यादीतून आलेलं आहे.

अद्भुताबद्दल आधी बोलू, कारण तुझा ओढा तिकडे आहे. आपल्या जिल्ह्यात अद्भुत ऐकण्याची सवय मोबाइलच्या कितीतरी आधीची. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी, नगरजवळ गोरक्षनाथांचा गड. आणि घरोघर श्रावणात वाचली जाणारी नवनाथ भक्तिसाराची पोथी. धुंडिसुत मालूंनी ती शके १७४१मध्ये, म्हणजे १८१९ साली पुरी केली. अध्याय चाळीस. मच्छिंद्र मासोळीच्या पोटी, कानिफा हत्तीच्या कानात, गोरक्ष उकिरड्यातल्या राखेतून, गहिनी मातीच्या बाहुल्यातून. भस्माची चिमूट टाकली की अस्त्र उभं राहतं, दुसऱ्या चिमटीने ते विरतं. स्त्रीराज्यात अडकलेल्या गुरूला शोधत शिष्य निघतो. भाविकांना हे सगळं घडलेलं आहे, आणि मी त्यांच्यातच वाढले. पण आत्ता मला दाखवायची आहे ती पोथी वाचणाऱ्याची रीत. आपल्या आळीत पोथी वाचणारे बाबा मच्छिंद्राचा आवाज वेगळा काढायचे नाहीत, मारुतीसाठी गर्जना करायचे नाहीत. एका लयीत, एका पट्टीत वाचायचे. आकाशातून डोंगर कोसळायचा तेव्हाही तीच पट्टी आणि गोरक्ष भिक्षेला दारात उभा राहायचा तेव्हाही तीच. आम्ही पोरं तरीही घाबरायचो. डोंगर कोसळला यात त्यांना स्वतःला काडीची शंका नव्हती, ती खात्री त्यांच्या आवाजातून आमच्यापर्यंत पोचायची.

अद्भुत वाचणाऱ्याकडून मला एवढंच हवं असतं. अजगर बोलला तर ‘बघा, अजगर बोलला!’ असं आवाजाने सांगू नकोस. त्या राज्यात अजगर बोलतातच. तिथल्या माणसाला त्याचं जितकं नवल वाटेल तितकंच तुझ्या आवाजात येऊ दे.

इंग्रजीत या बाबतीत दोन टोकं ऐकायला मिळतात. हॅरी पॉटरची अमेरिकेतली पुस्तकं जिम डेल यांनी वाचली. पाचव्या भागात त्यांनी एकट्याने १३४ पात्रांचे आवाज काढले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. इंग्लंडातल्या आवृत्तीत स्टीफन फ्राय आहेत. तेही आवाज बदलतात, पण आजोबा नातवंडांना सांगताना बदलतील तेवढेच. मी दोन्ही ऐकली. डेल यांच्या कसबाला नमस्कार, पण फ्राय ऐकताना मी गोष्टीत जास्त वेळ होते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चंही तसंच. १९९०मध्ये रॉब इंग्लिस यांनी ते वाचलं, त्यातली गाणीसुद्धा स्वतः म्हटली. २०२१मध्ये अँडी सर्किस यांनी वाचलं. सिनेमात गॉलम झालेले तेच. सर्किस यांचा गॉलम अंगावर येतो, त्याला तोड नाही. पण सगळ्या प्रवासात मला सर्किस दिसत राहिले. इंग्लिस यांच्या वाचनात मला वाट दिसली, पाऊस दिसला, दमलेली माणसं दिसली. तू तरुण आहेस, तुला उलट वाटेल. वाटू दे, पण का वाटतं ते स्वतःला विचार.

आवाज काढायचेच असतील तर थोडे काढ आणि जपून ठेव. पाच भाग म्हणजे दीड-दोन वर्षांचं काम. पहिल्या भागात ज्या म्हाताऱ्या मांत्रिकाला तू घोगरा केलास तो चौथ्या भागात परत येतो, तेव्हा तुझ्या लक्षात नसतं पण माझ्या कानात असतं. रॉय डॉट्रिस मोठे नट होते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या पहिल्या पुस्तकात त्यांनी २२४ पात्रांना आवाज दिले, तोही विक्रम. पुढे काही वर्षांनी ते मालिकेकडे परत आले तेव्हा काही नावांचे उच्चारच बदलले होते आणि ऐकणारे फार नाराज झाले. म्हणून पहिल्या दिवसापासून वही कर. प्रत्येक नाव, त्याचा उच्चार, कुठल्या अक्षरावर जोर, आवाजाची जात, आणि नमुन्याचं एक वाक्य ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं. अनुवाद असेल तर नावांचे उच्चार अनुवादकाला विचार. तो मुद्रणाच्या घाईत असला तरी विचार.

आता चरित्र. खऱ्या गोष्टी वाचणं सोपं, असा समज आहे. पात्रं नाहीत, आवाज नाहीत, सरळ वाचत सुटायचं. हाच समज मी ऐकलेल्या कितीतरी चांगल्या पुस्तकांच्या मुळावर आला. वाचणाऱ्याला वाक्य कळलेलं नसतं तेव्हा ते ऐकणाऱ्याला लगेच समजतं. जोर भलत्याच शब्दावर पडतो, ‘परंतु’ कशाला विरोध करतो आहे ते कळेनासं होतं, लांब वाक्याचा कर्ता क्रियापदापर्यंत पोचता पोचता हरवतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्य सुरू करतानाच ते कुठे जाऊन थांबणार हे तुला माहीत पाहिजे. कादंबरीत एखादं वाक्य निसटलं तर प्रसंग सांभाळून घेतो. विचाराच्या पुस्तकात एक कडी निसटली की पुढची दहा पानं फुकट.

आपल्या नेवाशात तर हे सांगायलाही नको. पैसाच्या खांबापाशी शके १२१२मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी आधी बोलली गेली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. गीतेसारख्या अवघड ग्रंथाचं विवरण, तेही समोर बसलेल्या माणसांना. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात ते आठव. विषय अवघड होत जातो तसे ते श्रोत्याकडे जास्त वळतात, त्याच्या मनातली शंका स्वतःच बोलून दाखवतात, दृष्टान्त देतात, तो पुरला नाही तर दुसरा देतात. पुढच्या माणसाला समजलं की नाही याची ही काळजी मला वैचारिक पुस्तक वाचणाऱ्याच्या आवाजात हवी असते. तुला पुस्तकात शब्द घालता येणार नाहीत. पण अवघड वाक्याआधी क्षणभर थांबता येतं, व्याख्या आली की वेग उतरवता येतो, उदाहरण आलं की पुन्हा मोकळं होता येतं. अवतरण आलं तर तिथे दुसरा माणूस बोलतो आहे हे किंचित आवाज बदलून कळू दे. ‘अवतरण सुरू’ म्हणायची पाळी येऊ नये.

आणि सरावासाठी स्मृतिचित्रे घे. विकण्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. लक्ष्मीबाई टिळकांच्या या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली आला. नगर, राहुरी ही आपली गावं त्यात आहेत. बाईंचं शिक्षण लग्नानंतर, तेही तुटक. जोडाक्षरांशी त्यांचं कधी फारसं जमलं नाही. म्हणून की काय, ते पुस्तक बोललेलं आहे. वडिलांचं टोकाचं सोवळं, घरात येणारी जवळजवळ प्रत्येक चीज धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट, नवऱ्याचं न सांगता घरातून निघून जाणं, त्यांचं धर्मांतर, मग वर्षानुवर्षांची ताटातूट, प्लेग. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर अश्रूंनी भिजलं असतं. बाई एका वाक्यात दुःख सांगतात आणि पुढच्यात आपल्याला हसवतात, आणि मधे कुठे वळण घेतलं ते कळत नाही. वाचणारी नेमकी इथे फसते. दुःखाचं वाक्य आलं की आवाज ओला करते, मग पुढचं विनोदाचं वाक्य उपरं वाटायला लागतं. बाई स्वतः रडत नाहीत तिथे तू रडू नकोस. ताटातुटीचा भाग मोठ्याने वाच, ध्वनिमुद्रित कर, दोन दिवसांनी ऐक. जिथे लक्ष्मीबाईंच्या ऐवजी तुझी दया ऐकू येईल तिथे पेन्सिलीने खूण कर आणि पुन्हा वाच. हे महिनाभर केलंस तर चरित्र कोरडं असतं असं तू म्हणणार नाहीस.

आणखी एक उदाहरण आपल्या नगरचंच. तिथल्या भुईकोट किल्ल्यात १९४२च्या ऑगस्टपासून नेहरू आणि मौलाना आझाद कैदेत होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ नेहरूंनी १९४४मध्ये तिथेच लिहिलं. आझादांनी एका स्नेह्याला पत्रं लिहिली. ती टपालात पडणं शक्यच नव्हतं, पुढे १९४६मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली. पहाटेच्या चहाबद्दल, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांबद्दल, मधेच तत्त्वज्ञानाबद्दल. एवढा मोठा विद्वान, म्हणून कुणी ती पत्रं भारदस्त आवाजात वाचली तर चिमण्या उडून जातील. ती एका माणसाला लिहिलेली आहेत. तुझाही ऐकणारा एकच असतो, कानात बसलेला.

हे मी मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या पिढीतल्या बऱ्याच वाचकांच्या मनात कथाकथनाचा मंच असतो. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांनी गावोगाव सभागृहं भरवली, पु. ल. देशपांड्यांच्या कॅसेटी तर घराघरांत झिजल्या. ती थोरच माणसं. पण ती स्वतःचं लिखाण सांगत होती आणि समोर हजार माणसं होती. हशा येईपर्यंत थांबायचं, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज न्यायचा, हे मंचाचं शास्त्र. तेच कानातल्या यंत्रात केलं की कुणी खेकसतंय असं वाटतं. पु.लं.चा ठेका तर कुणाच्याच तोंडी बसत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. आकाशवाणीच्या नगर केंद्रावर तू नैमित्तिक निवेदक होतीस, तिथे स्वच्छ उच्चार आणि वेळेचं भान शिकलीस, ते ठेव. निवेदनातला तो वाक्याच्या शेवटी वर जाणारा गोड हेल मात्र तीन तासांच्या पुस्तकात सोसवत नाही.

उच्चारांचं एक सांगते, कारण लिपी तिथे तुला मदत करणार नाही. ‘जरा थांब’मधला ज आणि ‘जरा-मरण’मधला ज छापलेले सारखे दिसतात. ‘चारा’ आणि ‘चारित्र्य’ यांतले च वेगळे. शहरात वाढलेली मुलं हे उलटसुलट करू लागली आहेत आणि माझ्यासारखीचं लक्ष तिथेच अडकून राहतं. पुस्तकात नगरी बोली आली तर ती गंमत म्हणून करू नकोस. आपल्या घरात आजी जशी बोलायची तसं सरळ बोल. खेडवळ माणूस आला की आवाज जाड आणि अडाणी करायची जी रीत पडली आहे, तिचा मला मनापासून राग आहे. चरित्रातला शास्त्रज्ञ खेड्यातून आलेला असेल तर त्याची आई तुझ्या आवाजात शहाणीच वाटली पाहिजे.

पार्श्वसंगीत घालू का, असं विचारतील. अद्भुतात प्रकरणाच्या सुरुवातीला थोडं चालेल. चरित्रात नको म्हण. वेगाचं म्हणशील तर हल्ली बरेच जण सव्वापट, दीडपट वेगाने ऐकतात, मीही कधी कधी ऐकते. त्यांच्यासाठी तू स्वतः घाई करू नकोस. आणि यंत्राचा आवाज आता मराठी वाचू लागला आहे, त्याची तुला धास्ती आहे हे मला ठाऊक आहे. तो आवाज स्वच्छ असतो, दमत नाही, स्वस्तही पडतो. न समजता नुसतं स्वच्छ वाचणाऱ्यांची कामं तो घेईल असं मला वाटतं. तुला चरित्राकडे ढकलण्यामागे हेही एक कारण आहे.

व्यवहाराचं शेवटी. पैसे तयार झालेल्या तासाच्या हिशेबाने देतात. एका तयार तासामागे स्टुडिओत दोन-तीन तास जातात आणि घरचं आधीचं वाचन वेगळंच. म्हणून दर ठरवण्याआधी पुस्तक हातात माग आणि पूर्ण वाच. संज्ञा, परदेशी नावं, तळटीपा किती आहेत ते मोज. तळटीपा वाचायच्या की नाही, दुरुस्त्या किती वेळा फुकट करायच्या, हे लिहून घे. वाचकाचं नाव सुरुवातीला आणि शेवटी घेतलं जाईल, हेही लिहून घे. कादंबरीवाल्यांना सांग की चार महिन्यांनी सुरू करते. त्यांना तुझाच आवाज हवा असेल तर थांबतील, आणि नाही थांबले तर पाच भागांची आणखी मालिका येईल, मराठीत आता त्यांना तोटा नाही.

चरित्राचं पहिलं प्रकरण मंजुरीला पाठवण्याआधी मला पाठव. तुझ्या वडिलांना ऐकवू नकोस, ते छानच म्हणतील. मी दोनदा ऐकेन, एकदा काम करताना आणि एकदा वही घेऊन, आणि पहिल्या वेळी माझं लक्ष कुठे कुठे सुटलं ते मिनिटांसकट तुला कळवीन.

तुझी,
आत्या