जुना प्रोग्राम मोडण्याआधी

बेळगुंदी

चि. बाळास,


पतसंस्थेचं जुनं फॉक्सप्रो काढून नवी प्रणाली बसवायचं काम तुझ्याकडे आल्याचं कळलं. आनंद झाला, आणि चार गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

फॉक्सप्रो बदलायलाच हवं. मायक्रोसॉफ्टनं त्याची देखभाल जानेवारी २०१५ मध्येच थांबवली. पण त्या प्रोग्राममध्ये संचालक मंडळाचे वर्षानुवर्षांचे ठराव मुरलेले असतात. मुदत संपलेल्या ठेवीला कोणता दर, थकबाकीदारानं भरलेली रक्कम आधी व्याजात घ्यायची की मुद्दलात, पैसे कुठं पूर्ण रुपयात आणायचे. पुष्कळदा हे कागदावर सापडत नाही. कोडमध्ये असतं, नाहीतर काउंटरवरच्या जुन्या क्लार्कच्या डोक्यात. कोड लिहायला घेण्याआधी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बस.

आपल्या भागातला खरा घोळ नावांचा. जुना मराठी डेटा बहुतेक युनिकोडमध्ये नसतो, त्या त्या फॉन्टच्या संकेतात असतो. रूपांतर करताना पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार भलतीकडे बसतो. त्यात संस्थेच्या वहीत नाव मराठीत, जमिनीच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये, पॅनकार्डावर इंग्रजीत. ‘भूमी’ योजनेत कर्नाटकातले सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आले आणि हातानं लिहिलेला उतारा चालेनासा झाला. पीककर्जाचा बोजा त्याच उताऱ्यावर चढतो. नाव जुळलं नाही, तर ऐन पेरणीत शेतकऱ्याचं कर्ज अडतं. म्हणून नावावरून खाती जोडू नकोस, सभासद क्रमांकावरून जोड. आणि संशयाचं प्रत्येक नाव त्या सभासदालाच दाखवून घे. वेळ लागेल, लागू दे.

सगळं एका रात्रीत हलवायचा मोह धरू नकोस. ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये सुमारे बावन्न लाख ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारात नव्या प्रणालीवर नेली. एकोणीस लाखांपर्यंत लोकांना आपलं खातंच पाहता येईना. पुढं बँकेला चार कोटी साडेशहाऐंशी लाख पौंड दंड झाला. तू आधी भागभांडवल ने, मग पिग्मी, मग ठेवी, कर्जं शेवटी. तोवर दोन्ही प्रणाली बरोबरीनं चालव आणि तेरीज (ट्रायल बॅलन्स) रोज पैशापर्यंत जुळव. मार्चअखेरीला यातलं काही सुरू करू नकोस.

संचालक घाई करतील, उद्घाटनाची तारीखही ठरवून मोकळे होतील. तरीही तेरीज जुळल्याशिवाय जुना संगणक बंद करायच्या कागदावर सही करू नकोस.

तुझा,
काका